वॉचमन आणि संबळ

बेंगळुरातल्या राजाजीनगरात हेमक्काला लोक आधी आवाजाने ओळखत आणि मग चेहऱ्याने. तो आवाज तिने माहेराहून आणला नव्हता. तो तिला फोनने दिला. ज्या काळी अख्ख्या गल्लीत मिळून एकच फोन होता आणि तो तिच्या घरात होता, त्या काळी लोक आपल्या पाहुण्यारावळ्यांना तिचाच नंबर देत आणि नंबरापुढे पी.पी. अशी दोन अक्षरे लिहीत. फोन वाजला की हेमक्का हातातले पीठ झटकत उंबऱ्यावर यायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि हाक सोडायची, "कावेरीऽऽ! हुबळीहून भाऊ आलाय लाइनवर, धाव!" हाक अशी निघायची की करंजाच्या झाडावरची पाखरे उडत, दूधवाला सायकलवरून उतरून उभा राही, आणि कावेरी शिकेकाईचे ओले केस तसेच घेऊन न्हाणीघरातून पळत येई.

पुढे घरोघरी फोन आले. दुसरी बाई असती तर हिरमुसली असती. हेमक्काने घराच्या पुढच्या खोलीत एस.टी.डी. बूथ टाकला, पिवळी पाटी लावली, आणि नव्याण्णव साली त्या पाटीखाली दुसरी पाटी चढवली: इंटरनेट सेंटर. तिचा नवरा कृष्णमूर्ती बँकेत कारकून. स्वभावाने मऊ, बोलणे कमी. त्याच्या वाट्याचे बोलणेही हेमक्काच बोलून टाकी. पहिली मशीन दुकानात आली तेव्हा तो एवढेच म्हणाला, "हेमा, याला दूध लागतं की गवत?"

मशिनी चार झाल्या. हेमक्काने त्यांना आलेल्या क्रमाने नावे दिली: थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ. टेबलाखाली एक पाचवे खोके होते. त्याला ना पडदा, ना कुणी त्याच्यापुढे बसे. इंटरनेटची बाहेरची एकच लाइन चारही मशिनींना वाटून देणे एवढेच त्याचे काम. हेमक्का त्याला वॉचमन म्हणे. हा सगळा थाट लावून दिला होता तिच्या बहिणीच्या मुलीने, सुप्रीताने. सुप्रीता सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, तोंडाने फटाकडी, मावशीसारखीच.

आता या घरातल्या म्हाताऱ्याकडे वळू. रघुजी हे हेमक्काचे सासरे. त्यांच्या खापरपणजोबाच्याही आधीपासून या घराण्याची माणसे बेंगळुरात भवानीचा गोंधळ घालत आलेली. तीनशे वर्षांत बोलीत निम्मी कन्नड मिसळली, पण गोंधळाचे शब्द मराठीच राहिले. रघुजींचा हात संबळावर पडला की ते दोन लहान नगारे जणू माणसांसारखे भांडत, रुसत, समजूत काढत. यशवंतपूरच्या मोंढ्यातले हमाल पोती टाकून ऐकायला येत. पण म्हातारपणी हाताला कंप सुटला. काठी चामड्यावर पडायच्या आधीच थरथरू लागली. त्या दिवशी रघुजींनी संबळ कापडात गुंडाळला आणि गाणेही थांबवले.

"दुसऱ्या कुणाला वाजवू दे ना, मामंजी. तुम्ही नुसतं गा," हेमक्का म्हणाली होती.

"दुसऱ्याच्या संबळावर मी गाऊ? दुसऱ्याच्या दातांनी जेवल्यासारखं आहे ते."

"बाजारातून आणलेल्या दातांनी जेवताच की रोज!"

रघुजी हसले, पण गायले नाहीत. गल्लीत कितीतरी दसरे गोंधळाविना गेले.

आणि मग त्या वर्षी विश्वासराव नावाच्या माणसाने आपली अडगळ उपसली. विश्वासराव म्हणजे रघुजींचा पुतण्या, न्यू जर्सीत नोकरीला. तरुणपणी मल्लेश्वरमला शिकत असताना त्याने मित्राचे रेकॉर्डिंगचे मशीन आणून काकांचा संबळ स्पूलवर, म्हणजे टेपच्या मोठ्या रिळावर, घेतला होता. नुसता संबळ, गाण्याविना. ते स्पूल त्याला सापडले. ऑफिसातल्या कुणा हौशी माणसाला धरून त्याने त्याची कॉम्प्युटरची फाइल केली आणि फोनवर ओरडला, "वहिनी, काकांचे हात सापडले!"

पण न्यू जर्सीहून राजाजीनगरात हात आणायचे कसे? ईमेलने पाठवायला गेला तर मेलबॉक्सने फाइल थुंकून दिली. टपालपेटीत म्हैस कोंबावी तशी ती गोष्ट. डिस्क पोस्टाने टाकली तर ती दिवाळीच्या फराळाला पोचली असती. तेव्हा सुप्रीताने तोड काढली. लोक हल्ली गाणी एकमेकांना देतात तसे करू म्हणाली. मधे पोस्ट नाही, पेटी नाही. त्यांची मशीन थेट आपल्या मशिनीला फाइल देते. फक्त एक अडचण होती.

"मावशी, तुझ्या चारही मशिनी आतून बाहेर हाक मारू शकतात," सुप्रीता टेबलाखाली वॉचमनशी झटत म्हणाली. "उत्तर आलं की वॉचमनला आठवतं, हाक कुणी मारली होती. तो तिलाच नेऊन देतो. पण बाहेरून कुणी आपणहून आला तर? वॉचमन म्हणतो, कुणाकडे आलास मला ठाऊक नाही, चल परत."

"माजलाय की मेला."

"माजलेला नाही, अडाणी आहे. त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. पत्त्याबरोबर दाराचा एक आकडा असतो, त्याला पोर्ट म्हणतात. या पोर्टवर जो येईल त्याला तीन नंबरच्या मशिनीकडे धाड, असं मी त्याच्या कानात घालतेय. याचं नाव पोर्ट फॉरवर्डिंग."

"पी.पी.च की गं हे! फोन वाजला की कुणाच्या दारी हाक मारायची ते आधी ठरलेलं."

"तेच. आणि विश्वासकाकांच्या ऑफिसचं दार तर कुणी उघडायचं नाही; तिथले साहेब कडक. दोन्हीकडची दारं बंद राहिली तर दोघं आपापल्या घरात बसून हाका मारणार, गाठ काही पडायची नाही. एक उघडं असलं तरी पुरतं. ते आपलं असू दे."

तीन नंबर म्हणजे थोरली. दारापासून मोजले तर ती तिसऱ्या जागी बसे आणि तिच्या शेजारीच मोठे स्पीकर होते. त्याच दिवशी विश्वासरावाने चाचणी म्हणून छोटीशी फाइल धाडली. थोरली क्षणभर गुरगुरली आणि स्पीकरमधून न्यू जर्सी बोलली, "वहिनी, तुमच्या हातची चिरोटी खाऊन युगं लोटली!" दुकानात टाळ्या पडल्या. ईमेल वाचायला आलेले एक गिऱ्हाईक स्वतःचे पत्र अर्धे टाकून नाचले. खरी फाइल मोठी, लाइन तासन्तास अडवणारी; म्हणून ती गिऱ्हाइके नसतात त्या दसऱ्याच्या सकाळी धाडायचे ठरले.

मग काय विचारता! हेमक्काचा पाय जमिनीला लागेना. मल्लेश्वरमच्या फुलवाल्यांना तिने सांगितले, कापडदुकानात सांगितले, यशवंतपूरच्या बसमध्ये कंडक्टरलाही आवतण दिले, "दसऱ्याला संध्याकाळी आमच्या दारात गोंधळ! मामंजींचा, आणि मामंजींच्याच संबळावर!"

 दुसऱ्या दिवशी रघुजींची ट्रंक उघडी दिसली. पायघोळ झगा दोरीवर उन्हाला पडला होता, आणि म्हातारा अंगणात बसून कवड्यांची माळ एकेक कवडी करत ताकाने घासत होता. हेमक्का जवळून गेली तेव्हा त्यांनी वर न बघता विचारले, "हेमा, येईल ना गं?"

"आला नाही तर नाव बदलीन, मामंजी."

बोलून गेली खरी. पण कवडीवर थरथरणारी ती बोटे तिने पाहिली आणि आपण काय बोलून बसलो ते तिला कळले. आता संबळ आला नाही तर हा माणूस पुन्हा ट्रंक उघडायचा नव्हता.

खंडेनवमी आली. बेंगळुरात या दिवशी चाक असलेली, धार असलेली, वायर असलेली एकही वस्तू पूजेवाचून राहत नाही. रिक्षांना केळीचे खांब, बसच्या कपाळाला झेंडू, लेथ मशीनला गंध. हेमक्काने चारही मशिनी आणि वॉचमन बंद केले, पुसले, हळदकुंकू लावले, माळा घातल्या, खाली लिंबू ठेवले. कुंकू भरलेला कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडला, गल्लीला चुरमुरे-फुटाणे वाटले. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. मग दसऱ्याच्या सकाळी तिने त्यांना मानाने जागे केले. आधी वॉचमन, मग थोरली, कारण थोरलीचा मान पहिला. मग मधली, मग धाकटी, शेवटी शेंडेफळ. घराण्याची रीतच तशी. पंगतीत पान वाढायचे ते वयाने, मशीन असली म्हणून काय झाले?

विश्वासरावाचा फोन आला, तो हेमक्काने सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. त्याच्याकडे अजून आदल्या दिवसाची रात्र होती. तो ऑफिसात एकटा थांबला होता. "वहिनी, पाठवतोय!"

हेमक्का थोरलीपुढे हात जोडून बसली. पडद्यावरचा प्रोग्राम उघडा. काहीच नाही.

"पाठवा की, भावजी."

"पाठवतोय तर! पुन्हा पाठवतो." जरा वेळाने तो म्हणाला, "वहिनी, गंमत बघा. दार बंद असल्यासारखं वाटत नाही. मी ठोठावतो, कुणीतरी लगेच कडी काढतं, तोंड बघतं, नाही म्हणतं आणि धाडकन लावून घेतं."

गल्ली गोळा झाली. कावेरी म्हणाली, "अक्का, कुंकू आत गेलं असेल." हेमक्काने थोरलीचे कपाळ पुसले. काही नाही. रद्दीवाला म्हणाला, मशिनीखालचे लिंबू काढा. काढले. काही नाही. कृष्णमूर्ती चाचरत म्हणाला, "कोहळा डावीकडून ओवाळलास का गं?"

"तुम्ही स्वल्प गप्प बसा!"

"सरी, सरी," असा कन्नडमध्ये होकार भरत तो मागे सरकला. त्याला सवय होती.

दारातल्या खुर्चीवर रघुजी बसले होते. सकाळपासूनच झगा घालून, पगडी बांधून, माळ गळ्यात. त्यांनी विश्वासरावाचे शब्द ऐकले असावेत. "राहू दे, हेमा," ते हळूच म्हणाले. "गेलेले हात यायचे नाहीत." आणि त्यांनी पगडीचा पहिला वेढा सोडला.

 हेमक्काने भावजींना लाइनवरच थांबवले आणि बूथमधला दुसरा फोन उचलला.

सुप्रीता दसऱ्याची मिरवणूक पाहायला म्हैसूरला, मैत्रिणीच्या घरी गेली होती. त्या घरी फोन नव्हता. खालच्या मिठाईवाल्याचा नंबर तिने पी.पी. म्हणून देऊन ठेवला होता. मिठाईवाला कन्नडमध्ये म्हणाला, "हो हो, वरची पुढची खोली. त्यांनी आठ दिवसांपूर्वीच सांगून ठेवलंय. आणतो बोलावून." चपला वाजत गेल्या. चपला वाजत आल्या. रिसीव्हर उचलला गेला आणि एक म्हातारा खोकला.

"यारु?" कोण बोलतंय, असे तो विचारत होता.

"सुप्रीता आहे?"

"कृपा आहे, देवाची कृपा आहे. तुम्ही कोण?"

"अहो आजोबा, सुप्रीताऽऽ!" हेमक्काने अशी हाक सोडली की म्हैसूरला तारेवाचूनही पोचली असती.

"हां, जेवलो, जेवलो. तुम्ही जेवलात?"

हेमक्काला रडायचे होते, पण हसू फुटले. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात पलीकडे धावपळ झाली आणि सुप्रीताचाच आवाज आला, "मावशी! तू ओरडलीस ते जिन्यावर ऐकू आलं! अगं, पुढच्या खोलीत दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या, मला मागे हलवलं, आणि बाहुल्यांच्या राखणीला आजोबांना पुढे निजवलं. दुकानदार बिचारा सांगितल्याप्रमाणे पुढचंच दार वाजवून आला."

"आणि आजोबा बिचारे जेवले म्हणाले," हेमक्का हसत होती. मग ती हसायची थांबली. तोंड उघडे ते उघडेच राहिले.

"मावशी? आहेस का?"

"सुप्रीता, वॉचमनला तू तीन नंबर सांगितलास. तो तीन नंबर बसायच्या जागेचा की आणखी कशाचा?"

"जागा त्याला कुठली दिसायला! सकाळी जी आधी जागी होते तिला तो एक नंबर देतो, मागून उठली तिला दोन. तू रोज दारापासून एकेक सुरू करत आत जातेस, म्हणून थोरलीला तीन मिळतो." सुप्रीता अडखळली. "आज कशा उठवल्यास?"

"थोरलीला आधी! काल पूजा झाली ना गं! मानानं उठवल्या!"

दोन्ही टोकांना एकदमच हशा पिकला. सुप्रीताला बोलता येईना. "मावशी, म्हणजे तीन नंबर आज धाकटीचा! संबळ धाकटीच्या दारात उभा आहे, आणि तिच्याकडे तो प्रोग्रामच चालू नाही! ती म्हणते, मला काय ठाऊक, जा!"

"कडी काढते, तोंड बघते, नाही म्हणते," हेमक्का पुटपुटली. "आता काय करू?"

"सगळ्यांना झोपव. वॉचमनलासुद्धा, म्हणजे सकाळचं सगळं विसरेल. मग रोजच्यासारखं दारापासून उठव. परत आले की प्रत्येकीचा नंबर कायमचा चिकटवून देते, मग कितीही पूजा कर."

हेमक्का टेबलांमधून वाऱ्यासारखी फिरली. थोरलीचे बटण दाबताना मात्र तिने तिच्या माळेला हात लावला. "थोरले, रागावू नको. आजच्या दिवस मान बाजूला ठेव, पाहुणा दारात ताटकळलाय." वॉचमन उठला. त्याचे मोडेम कुईंकुईं करत बाहेरच्या जगाला हाका मारू लागले. एकदा लाइन लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. मग शेंडेफळ, मग धाकटी, मग थोरली, मग मधली.

"भावजी, ठोठावा!"

थोरलीच्या पडद्यावर एक पट्टी उमटली. आधी तांदळाएवढी. मग गव्हाएवढी. मग ती पुढे सरकू लागली.

आत जागा उरली नव्हती, बाहेर रस्ता भरला होता. तेव्हा हेमक्का उंबऱ्यावर आली, छाती भरून श्वास घेतला आणि पी.पी.च्या दिवसांतली ती हाक कितीतरी वर्षांनी गल्लीत पुन्हा घुमली. "पाव झालाऽऽ!" रिक्षांनी हॉर्न वाजवले. "अर्धा झालाऽऽ!" कावेरीने उरलेले चुरमुरे मुठी मुठीने उधळले. रद्दीवाला म्हणू लागला की लिंबू काढल्याचाच हा गुण. खुर्चीवर रघुजी पगडी पुन्हा बांधत होते. पट्टी पुढे गेल्याची हाक आली की एक वेढा, पुढची हाक आली की दुसरा. पट्टी थबकली की त्यांचेही हात थबकत. एकदा ती इतका वेळ थबकली की अख्ख्या गल्लीने श्वास रोखला आणि एक रिक्षावाला भवानीला नवस बोलून मोकळा झाला. मग पट्टी हलली. शेवटचा वेढा बसला तेव्हा आत फाइल पुरी झाली होती आणि हेमक्काचा घसा पार बसला होता. "आलाऽ" म्हणताना तिच्या तोंडून नुसती हवा निघाली. पण ते कुणाला सांगावे लागले नाही.

संध्याकाळी माणसे आली. मल्लेश्वरमहून, यशवंतपूरहून, बसचा कंडक्टरही बायकोला घेऊन आला. शमीची पाने हातोहात वाटली गेली. चौक मांडला, कलश बसला, दिवटी पेटली. थोरली वायरीसकट दारापर्यंत ओढून आणली होती. कृष्णमूर्तीने बटण दाबले.

आधी खरखर. मग संबळ.

काय ते हात! चामड्यावर पावले टाकत, उड्या मारत, वळत, हसत. रघुजींनी दिवटी उंचावली, डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. आवाज जुनाट होता, पण खणखणीत. लोकांच्या अंगावर काटा आला. चार ओळी झाल्या, पाचवी झाली, आणि म्हाताऱ्याचे डोळे उघडले. कपाळाला आठी पडली. त्यांनी दिवटी खाली केली.

"थांबवा त्याला! पळतोय कुठं हा पोरटा?"

"बाबा," कृष्णमूर्ती म्हणाला, "ते तुम्हीच आहात."

"म्हणून काय झालं? गाणाऱ्याला मागं टाकून पळायचं? आमच्या वेळी असं नव्हतं!"

गल्ली हसून हसून लोळली. हेमक्काला ओरडून काही सांगायचे होते, पण घसा साथ देईना. ती नुसतीच हात उडवत राहिली. फाइल पुन्हा सुरुवातीपासून लावली. या खेपेला रघुजी स्पीकरपुढे उभे राहिले आणि गाता गाता बोट नाचवत दटावू लागले, "सावकाश रे रघ्या! सावकाश!" पण रघ्या कुठला ऐकतो? तो आपल्या तरुण मस्तीत दौडतच होता. म्हाताऱ्याने आणखी दोन ओळी सोडल्या, धाप टाकली, आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर खोडकर हसू आले. त्यांनी झगा वर खोचला.

मग ते धावले. तोंडाने धावले, पायांनी धावले. शब्द शब्दावर आदळू लागला, कवड्या खुळखुळू लागल्या, दिवटीची ज्योत त्यांच्या मागे लांबलचक शेपटीसारखी पळू लागली. एका फेरीत त्यांनी संबळाला गाठले. पुढच्या फेरीत दोघे जोडीने चालले, एक सत्तरीपलीकडचा आणि एक तिशीतला. त्यानंतर कोण कुणाला ओढत होते ते कळेना.

स्पूल कुठेतरी संपणारच होते. खट् असा आवाज झाला आणि स्पीकर मुका झाला. कृष्णमूर्ती बटणाकडे धावला. पण रघुजींनी मागे वळूनही पाहिले नाही. त्यांची ओळ अर्धी होती, ती त्यांनी पुढे नेली. कावेरीने टाळी धरली, कंडक्टरने धरली, मग साऱ्या रस्त्याने धरली, आणि त्या टाळ्यांच्या पुढे चार पावले राहून म्हातारा गात सुटला, "उदे गं अंबे, उदे!"